शेंदूर: देवळातला आणि खाणीतला

शेंदूर म्हणजे शिशाचे एक ऑक्साइड. त्याच्या घडणीत शिशाचे तीन अणू आणि ऑक्सिजनचे चार अणू असतात. शिसे फार जड असल्यामुळे वजनाच्या हिशेबात ऑक्सिजनच्या वाट्याला थोडेच येते. एक किलो शुद्ध शेंदरात सुमारे 907 ग्रॅम शिसे असते. हाच पदार्थ जमिनीत आपोआप तयार झालेला सापडला, तर खनिजशास्त्रात त्याला मिनियम म्हणतात. शिशाची खनिजे पुष्कळ आहेत, पण त्यांत मिनियम दुर्मीळ गणले जाते. ते सापडते तेव्हाही बहुतेक वेळा दुसऱ्या खनिजावर बसलेल्या नारिंगी भुकटीइतकेच असते.

खान्देशात हा रंग मात्र पावलोपावली दिसतो. बोदवड तालुक्यातला शिरसाळ्याचा मारुती, धुळ्यातली पांझरेकाठची एकवीरादेवी ही मोठी ठाणी झाली. पण जळगाव-धुळ्याकडच्या कोणत्याही गावात वेशीवरचा मारुती, बांधावरचा म्हसोबा, पिंपळाखालचा मुंजोबा ओळखू येतो तो शेंदरावरूनच. माणसांच्या इतक्या ओळखीचा पदार्थ निसर्गात इतका विरळा का, तो ओळखायचा कसा, आणि त्याच्याशी वागताना काय जपायचे, हे समजून घेण्याजोगे आहे.

पहिली गोष्ट अशी, की खान्देशच्या जमिनीत शेंदूर नाही. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांचा बहुतेक भाग सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी थरांवर थर साचलेल्या लाव्हाचा, म्हणजे काळ्या बेसॉल्टचा आहे. तापीच्या दोन्ही अंगांना त्यावर गाळाची जाड माती पसरली आहे. धुळे-नंदुरबारकडे त्याच खडकांना चिरत गेलेल्या दगडी भिंती मैलोन् मैल उभ्या आहेत. भूगर्भातून वर चढलेला शिलारस भेगांत थिजून त्या झाल्या. या सगळ्या खडकात लोह भरपूर, चुना आणि मॅग्नेशियमही भरपूर. शिसे मात्र टनामागे अवघे काही ग्रॅम. एवढ्या विरळ शिशातून शिशाचे खनिज जमत नाही.

बेसॉल्टच्या पोकळ्यांत स्फटिक वाढतच नाहीत असे नाही. रावेर तालुक्यातल्या सावद्याच्या दगडखाणींतून निघणारे अ‍ॅपोफिलाइट आणि स्टिल्बाइटचे स्फटिक जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहेत. पण ती सारी चुना, पोटॅशियम, सोडियम आणि सिलिका यांची खनिजे. याचे उत्तम उदाहरण खान्देशाबाहेर, पण याच दख्खनच्या खडकात मिळते. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींत निळेशार कॅव्हान्साइट सापडते, त्यात व्हॅनेडियम आहे. नाशिक परिसरात पॉवेलाइट सापडते, त्यात मॉलिब्डेनम आहे. हे दोन्ही धातू शिशाशी जोडले गेले, की त्यांतून व्हॅनेडिनाइट आणि वुल्फेनाइट ही तांबड्या-नारिंगी रंगाची देखणी शिसे-खनिजे होतात. दख्खनमध्ये त्यांना शिसे भेटले नाही, चुना भेटला. म्हणून इथे ती कॅल्शियमची खनिजे झाली. कोणते खनिज कुठे सापडेल हे खडकात कोणते मूलद्रव्य हाताशी आहे यावर किती अवलंबून असते, ते यावरून दिसते.

शिशाचे मूळ धातुक म्हणजे गॅलेना, शिसे आणि गंधक यांचे संयुग. करड्या, चकचकीत, चौकोनी तुकड्यांत फुटणारे हे खनिज पूर्वी सुरमा म्हणून बाजारात विकले जाई. त्याचे भारतातले मोठे साठे राजस्थानात अरवलीच्या प्राचीन खडकांत आहेत: उदयपूरजवळचे जावर, राजसमंदमधले राजपुरा-दरीबा, भिलवाड्यातले रामपुरा-आगुचा. गुजरातमध्ये अबूच्या पायथ्याला अंबाजी येथे तांबे, शिसे आणि जस्त यांचा साठा आहे.

गॅलेनाचा थर जमिनीच्या माथ्याजवळ येतो तेव्हा हवा आणि पाऊस त्यावर काम करू लागतात. गंधकाचे सल्फेट होते आणि गॅलेनाभोवती अँग्लेसाइटचे पांढुरके कवच धरते. पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड आला, की सेरुसाइट, म्हणजे शिशाचे कार्बोनेट होते. जवळपास फॉस्फेट असेल तर हिरवे पायरोमॉर्फाइट. पावसाच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड असतोच, त्यामुळे बहुतेक शिसे सेरुसाइटच्या वाटेने जाते. शेंदूर व्हायचा तर वाट वेगळी लागते. ऑक्सिजनचा जोर फार हवा, कार्बन डायऑक्साइड आणि सल्फेट कमी हवे. कारण शेंदरातले सगळे शिसे एकाच अवस्थेत नसते. तीनपैकी दोन अणू शिशाच्या नेहमीच्या अवस्थेत, दोन विद्युतभारांचे असतात. तिसरा चार विद्युतभारांचा असतो. या तिसऱ्या अवस्थेपर्यंत शिशाला नेण्याइतकी ऑक्सिडीकरणाची ताकद निसर्गात क्वचितच एका जागी जमते. म्हणून मिनियमची दुर्मीळता ही साठ्यांच्या तुटवड्यामुळे आलेली नाही. शिशाच्या खाणी जगात पुष्कळ आहेत. त्यांच्या माथ्यावर ही परिस्थितीच सहसा जुळून येत नाही.

जिथे जुळते तिथे शेंदूर गॅलेनाच्या किंवा सेरुसाइटच्या जागी बसतो. मूळ स्फटिकाचा आकार तसाच राहतो, आतला पदार्थ बदलून नारिंगी माती होते. ऑस्ट्रेलियातील ब्रोकन हिल, स्कॉटलंडमधील लेडहिल्स, स्वीडनमधील लाँगबान आणि जर्मनीतल्या आयफेल प्रदेशातील ब्लायआल्फ या ठिकाणांहून असे नमुने आलेले आहेत. खाणीत आग लागल्यावर भाजलेल्या धातुकावरही मिनियम तयार होते. जुन्या भट्ट्यांच्या मळीच्या ढिगांवर दिसणारी नारिंगी पूड मात्र खनिज मानली जात नाही. खनिज हे निसर्गाच्या क्रियेने घडलेले असले पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. कारखान्यातला शेंदूर आणि खाणीतला मिनियम यांची रचना एकच, तरी खनिज म्हणवून घेण्याचा अधिकार दुसऱ्यालाच.

भारतीय रसशास्त्राला हा फरक जाणवला होता असे मानायला आधार आहे. साधारण तेराव्या शतकातल्या ‘रसरत्नसमुच्चय’ या ग्रंथात साधारण रसांच्या यादीत गिरिसिंदूर आणि मृद्दारशृंग असे दोन पदार्थ येतात. गिरिसिंदूर मोठ्या पर्वतांत, दगडांच्या पोटात, थोड्याच प्रमाणात सापडतो आणि तो रंगाने तांबडा असतो, असे तिथे सांगितले आहे. काही अभ्यासक त्याला पाऱ्याचे ऑक्साइड मानतात, काही शिशाचा नैसर्गिक शेंदूर. ‘थोड्याच प्रमाणात’ हे वर्णन दोघांनाही लागू पडते, त्यामुळे वाद ग्रंथातल्या शब्दांवर मिटणारा नाही. मृद्दारशृंग म्हणजे बाजारातले मुरदाडशिंग; ते शिशाचे पिवळे ऑक्साइड. ते गुर्जर देशात अर्बुद, म्हणजे अबू पर्वताच्या बाजूला मिळते, असा पत्ता ग्रंथकार देतो. अबूच्या त्याच बाजूला अंबाजीचा शिसे-जस्ताचा साठा आहे. एखाद्या जुन्या ग्रंथातला पत्ता आजच्या भूशास्त्रीय नकाशाशी इतका नेमका जुळावा, ही मोलाची गोष्ट आहे.

बाजारातला शेंदूर मात्र शेकडो वर्षे भट्टीतूनच येत आला आहे. शिसे वितळवून हवेत ढवळले की त्याचे पिवळे ऑक्साइड होते, तेच मुरदाडशिंग. चांदी शुद्ध करण्याच्या जुन्या रीतीतही ते आपोआप मिळे: चांदीमिश्रित शिसे हाडांच्या राखेच्या मुशीत तापवले की शिशाचे ऑक्साइड होऊन ते निघून जाई आणि मागे चांदी उरे. हे पिवळे ऑक्साइड दळून हवेच्या झोतात साधारण 450 ते 480 अंश सेल्सियसवर बरेच तास भाजले, की ते आणखी ऑक्सिजन ओढून घेते आणि नारिंगी होते. तापमान याहून फार वाढले तर उलटे घडते. 500 अंशांच्या पुढे शेंदूर ऑक्सिजन सोडून पुन्हा पिवळा होऊ लागतो. भट्टीवाल्याचे सारे कसब या अरुंद पट्ट्यात आच सांभाळण्यात असते. निसर्गाला ही आच सांभाळता येत नाही, म्हणून भट्टी जे सहज करते ते जमिनीत क्वचितच घडते.

आता ओळखीचा भाग. नारिंगी-तांबडे पदार्थ एकमेकांसारखे दिसतात, आणि ही गल्लत फार जुनी आहे. रोमन लेखक प्लिनी याने पहिल्या शतकात लिहून ठेवले आहे, की महागड्या हिंगुळात शिशाचा तांबडा रंग मिसळून विकला जाई. भारतीय बाजारात शेंदराच्या रांगेत बसणारे पदार्थ मुख्यतः चार. गेरू हे लोहाचे ऑक्साइड, हिंगूळ हे पारा आणि गंधक यांचे संयुग, मनशीळ हे आर्सेनिक आणि गंधकाचे. चौथे कुंकू, ते खनिजच नव्हे. खरे कुंकू हळदीला क्षाराची भावना देऊन होते.

नुसत्या रंगावर भिस्त ठेवणे धोक्याचे. शेंदूर नारिंगीकडे झुकतो, हिंगूळ लालाकडे, गेरू तपकिरीकडे. पण दळण जितके बारीक तितका रंग फिका होतो, आणि तेल लागले की गडद. रंगापेक्षा कस अधिक विश्वासाचा. जळगावचा सराफ सोने काळ्या कसोटीवर घासून उमटलेली रेघ वाचतो, तसाच खनिजाचा तुकडा चकाकी नसलेल्या पांढऱ्या चिनीमातीच्या फरशीवर घासून त्याच्या भुकटीचा रंग वाचायचा. शेंदराची रेघ पिवळट-नारिंगी येते, हिंगुळाची लाल, गेरूची तपकिरी-तांबडी, मनशिळेची नारिंगी-तांबडी. शेंदूर आणि मनशीळ इथेही जवळ येतात. त्यांना वेगळे करते ते वजन.

वजन हीच शिशाची खरी खूण आहे. मिनियमची घनता सुमारे 8.9, म्हणजे तेवढ्याच आकाराच्या पाण्याच्या जवळजवळ नऊपट. मनशिळेची साडेतीनच्या आसपास, गेरूचा मुख्य घटक हेमॅटाइट सव्वापाचच्या थोडे वर, हिंगूळ आठच्या वर. गेरूची पुडी आणि शेंदराची पुडी हातात घेतली तर शेंदराची पुडी लहान दिसते आणि जड लागते; जुन्या पूजासाहित्याच्या दुकानदाराला हा फरक हातानेच कळतो. घट्ट तुकडा असेल तर तो हवेत आणि पाण्यात तोलून घनता काढता येते. भुकटीसाठी ठराविक मापाची छोटी बाटली लागते, कारण कणांमधली हवा हिशेब चुकवते. कठीणपणा पाहिला तर मिनियम सुमारे 2.5, म्हणजे जवळपास नखाइतके. त्याहून पुष्कळ कठीण निघालेला नारिंगी स्फटिक शेंदूर नव्हे, हे तिथेच ठरते.

हिंगूळ आणि शेंदूर यांची घनता जवळजवळ सारखी असल्यामुळे त्यांचा निवाडा रसायनावर करावा लागतो. शेंदूर सौम्य तापवला तर काळपट होतो आणि निवला की पुन्हा नारिंगी. जास्त तापवला तर ऑक्सिजन सोडून कायमचा पिवळा. कोळशावर ठेवून फुंकणीच्या ज्योतीने तापवला तर शिशाचा मऊ, ठोकल्यास पसरणारा मणी मिळतो आणि कोळशावर भोवती पिवळे पटल धरते. हिंगूळ तापवल्यावर उडून जातो आणि पाऱ्याची विषारी वाफ देतो. मनशीळ लसणासारखा वास देते आणि तो वास आर्सेनिकचा असतो. गेरू तापवल्याने फारसा बदलत नाही. ही परीक्षा घरात, चुलीवर किंवा गॅसवर करण्याची नाही; तिची जागा धूर ओढून घेणाऱ्या प्रयोगशाळेतच आहे.

शेंदराची सर्वांत देखणी आणि खात्रीची परीक्षा विरल नायट्रिक आम्लाची. शेंदरावर ते टाकले की नारिंगी रंग क्षणात चॉकलेटी-तपकिरी होतो. दोन विद्युतभारांचे शिसे नायट्रेट होऊन पाण्यात उतरते आणि चार विद्युतभारांचे शिसे तपकिरी डायऑक्साइडच्या रूपात तळाशी उरते. शेंदराच्या घडणीत शिशाच्या दोन अवस्था आहेत, हे या एका नळीत डोळ्यांनी दिसते. वरचे निवळ पाणी गाळून त्यात पोटॅशियम आयोडाइडचे थेंब टाकले, की झगझगीत पिवळा साका बसतो. तो गरम पाण्यात विरघळतो, आणि पाणी निवताना सोनेरी पापुद्र्यांनी चमकत परत येतो. हिंगूळ नायट्रिक आम्लात विरघळतच नाही. महाविद्यालयातल्या रसायनाच्या साध्या प्रयोगशाळेत होणारी ही परीक्षा आहे, आणि शिक्षकांनी ती मुलांना देखरेखीखाली जरूर दाखवावी.

मोलाच्या वस्तूवर आम्ल टाकता येत नाही. तिथे उपकरणे लागतात. हातात धरायच्या क्ष-किरण यंत्राने क्षणात शिसे आहे की नाही ते कळते. पण ते शिसे शेंदराचे, सफेद्याचे की आणखी कशाचे, हे ते सांगत नाही. संयुग कोणते ते रामन वर्णपटाने कळते. शेंदराचा वर्णपट 548 या आकड्याजवळच्या ठळक शिखराने ओळखला जातो, हिंगुळाचा 253 जवळच्या. इथेही एक खबरदारी आहे. लेसरची ताकद जास्त ठेवली तर तेवढ्या ठिपक्यापुरता शेंदूर तापतो, त्याचे पिवळे ऑक्साइड होते आणि तपासणाराच नमुना बदलून बसतो.

अशा तपासणीला खान्देशात काम पुष्कळ आहे. धुळ्याचे इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळ 1927 पासून जुनी कागदपत्रे आणि पोथ्या सांभाळत आहे. समर्थ वाग्देवता मंदिरात समर्थ संप्रदायाची हस्तलिखिते आहेत. जुन्या पोथ्यांत समासाच्या रेघा, दंड आणि अध्यायाच्या समाप्तीची ओळ तांबड्या शाईने लिहिण्याची पद्धत होती. ती शाई गेरूची, हिंगुळाची की शेंदराची, हे ठरले तर पोथी कशी जपायची तेही ठरते. गेरू जवळजवळ अमर आहे. जळगावहून जवळ असलेल्या अजिंठ्याच्या चित्रांतला तांबडा मुख्यतः गेरूचाच, आणि शतके लोटूनही तो टिकून आहे. शेंदराला एवढे आयुष्य नाही.

शेंदूर प्रकाशाने, दमटपणाने आणि हवेतल्या वायूंनी बदलतो. कधी त्याचे तपकिरी-काळे डायऑक्साइड होते, कधी गंधकाच्या वायूने काळे सल्फाइड, म्हणजे एका अर्थी तो परत गॅलेनाच होतो. कधी कार्बन डायऑक्साइड शोषून पांढरा कार्बोनेट. या शेवटच्या बदलातला एक हरवलेला दुवा 2015 साली बेल्जियममधील अँटवर्प विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांना व्हिन्सेंट व्हॅन गॉखच्या एका चित्रात सापडला. 1889 मधल्या त्या चित्रात ढगाळ आभाळाखाली गवताची गंजी आहे. त्यातल्या रंगाच्या एका बारीक कणात, मधल्या नारिंगी शेंदराभोवती प्लंबोनाक्राइट नावाच्या शिसे-कार्बोनेटचे वेढे होते, आणि बाहेर सेरुसाइटसारखी पांढरी कार्बोनेटे. प्लंबोनाक्राइट हे स्वतः फार दुर्मीळ खनिज. खाणीच्या माथ्यावर ज्या कार्बन डायऑक्साइडमुळे मिनियम टिकत नाही, त्याच वायूने चित्रातल्या शेंदरालाही पांढरे केले होते.

देवळात शेंदूर तेलातून लावतात, आणि त्यालाही रसायनाचे कारण आहे. तेलातली आम्ले आणि शेंदरातले शिसे यांचे साबणासारखे संयुग बनते. ते तेलाला लवकर सुकवते आणि कठीण, पाणी न शिरणारा लेप तयार करते. याच गुणामुळे लोखंडाच्या पुलांना आणि जहाजांना गंज लागू नये म्हणून जवसाच्या तेलातला शेंदूर पिढ्यान् पिढ्या पहिला हात म्हणून दिला गेला. मूर्तीवर दरवर्षी नवा हात चढतो, जुना निघत नाही, आणि लेपाचे कवच होते. खान्देशच्या भाविकांना याचे सर्वांत मोठे उदाहरण ठाऊक आहे. चैत्रात जळगाव-धुळ्याहून ज्या गडावर पायी दिंड्या जातात त्या सप्तशृंगीच्या अठराभुजा मूर्तीवर शेंदराचा असा जाड थर साचला होता. 2022 च्या पावसाळ्यात मंदिर काही आठवडे दर्शनासाठी बंद ठेवून तो तज्ज्ञांच्या देखरेखीखाली काढला गेला. निघालेला शेंदूर शेकडो किलो भरला आणि दगडात कोरलेले मूळ रूप पुन्हा दिसू लागले.

या सगळ्या गुणांबरोबर शेंदराचा एक दोष येतो, आणि तो लहान नाही. शिसे विषारी आहे. शरीराला त्याचा कोणताही उपयोग नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे रक्तातल्या शिशाची सुरक्षित अशी पातळीच माहीत नाही. ते हाडांत साठून वर्षानुवर्षे राहते आणि गरोदरपणात हाडांतून सुटून बाळापर्यंत पोहोचू शकते. पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्या माणसाच्या तुलनेत लहान मूल चार ते पाच पट शोषून घेते, आणि घाव बसतो तो वाढत्या मेंदूवर. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या 2020 च्या अहवालात, रक्तात धोक्याच्या पातळीहून अधिक शिसे असलेली मुले भारतात सुमारे 27 कोटी 50 लाख असल्याचा अंदाज आहे. त्याची कारणे अनेक आहेत; जुन्या बॅटऱ्या गाळण्याचा उद्योग, रंग, भांड्यांवरची झिलई, मसाल्यांतली भेसळ. शेंदूर हा त्यातला एक वाटा आहे, पण टाळायला सर्वांत सोपा.

अखंड कातडीतून शेंदूर फारसा आत शिरत नाही. तो शिरतो तोंडावाटे आणि धुळीवाटे. बोटाला लागलेला शेंदूर प्रसादाबरोबर पोटात जातो, सुकून उडालेली पूड श्वासात जाते. अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी 2017 साली कपाळाला, भांगात लावायच्या सिंदुराचे 118 नमुने तपासले. त्यांतले 23 मुंबई आणि दिल्लीच्या दुकानांतले होते. एकूण नमुन्यांपैकी सुमारे 80 टक्क्यांत शिसे आढळले, आणि भारतात घेतलेल्यांपैकी 43 टक्क्यांत ते अमेरिकी सरकारने रंगद्रव्यांसाठी घातलेल्या ग्रॅममागे 20 मायक्रोग्रॅमच्या मर्यादेहून अधिक होते. प्रसाधनांना रंग देण्यासाठी शिशाची संयुगे वापरायला भारतीय कायद्यानेही बंदी आहे. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाची मर्यादा 2016 च्या नियमांनी दशलक्ष भागांत 90 भाग अशी ठरवली. पूजेचा शेंदूर मात्र अंगाला लावायचा नाही या समजुतीने विकला जातो आणि प्रत्यक्षात अंगाला लागतोच.

पोळ्याला बैलांची शिंगे रंगवतात तेव्हाही हा विचार हवा. गुरे एकमेकांना चाटतात, आणि रंगातले शिसे चाटून जनावरे दगावल्याचे पशुवैद्यकाला चांगले ठाऊक आहे. शिंगांसाठी गेरू हा जुना, स्वस्त आणि निरुपद्रवी रंग आहे. घरी कुंकवाची परीक्षा लिंबाच्या रसाने होते: हळदीचे खरे कुंकू रस पडताच पिवळे पडते. रंग जराही बदलला नाही तर ती वस्तू हळदीची नव्हे, आणि ती कशाची आहे हे कळेपर्यंत लहान मुलाच्या कपाळाला लावू नये.

देवाला शेंदूर वाहण्याची रीत सोडावी असे इथे कोणी म्हणत नाही. पण शेंदूर कालवताना हातमोजे घालावेत, कोरडी पूड उडवू नये, हात साबणाने धुतल्याशिवाय प्रसाद वाटू नये, आणि लहान मुलांना व गरोदर बायांना त्या कामापासून दूर ठेवावे. शिसेविरहित शेंदूर मागितला तर दुकानदार तो आणून ठेवू लागतील. जीर्णोद्धारात निघालेले कवच तापी, गिरणा किंवा पांझरेत सोडण्याची चूक कोणत्याही विश्वस्त मंडळाने करू नये. त्यातल्या प्रत्येक किलोत नऊशे ग्रॅमपर्यंत शिसे असू शकते आणि ते पाणी खालच्या गावांना प्यायचे असते. असा शेंदूर बंद पिंपात ठेवून महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवावे आणि धोकादायक कचऱ्याच्या नियमांप्रमाणेच त्याची विल्हेवाट लावावी.